वहिनीचा अर्ज, माझ्या अक्षरात

रविवारी सकाळी दहा वाजता पाच माणसं आमच्या घरी आली, तेव्हा ती माझ्याकडेच आली आहेत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आदल्या दिवशी जिन्यात मास्तर भेटले होते. मास्तर म्हणजे आमच्या वस्तीतल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. म्हणाले, "नगरपालिकेची निवडणूक आलीय. या खेपेला आपल्यातलंच कुणीतरी उभं करायचं म्हणतोय. उद्या येतो आम्ही पाचजण. घरी आहात ना?" घरी आहात का हे मला विचारलं, म्हणजे उभं राहता का हेही मलाच विचारणार, असं मी धरून चालले. रात्री नकारसुद्धा तयार करून ठेवला. "तुम्ही एवढ्या विश्वासानं आलात, पण माझी नोकरी, माझी पाठदुखी..." असं म्हणायचं. मग त्यांनी आग्रह करायचा. मग मी दोन दिवस मागून घ्यायचे आणि तिसऱ्या दिवशी, अगदी नाइलाजानं, हो म्हणायचं. सकाळी इस्त्रीचे कपडे घातले. बैठकीतल्या खुर्च्या पुसल्या. दादा म्हणाला, "आज काय, पाहुणे यायचेत की तपासणी?"

मास्तर आले, औषधाच्या दुकानाचे मालक आले, लॉन्ड्रीवाल्या काकू आल्या, वरच्या रस्त्यावरचे दोघे म्हातारे भाऊ आले. पाणी पिऊन झालं. मास्तरांनी घसा साफ केला, माझ्याकडे बघून प्रसन्न हसले आणि म्हणाले, "वहिनी कुठे आहेत?"

"वहिनी?"

"हो. त्यांच्याशीच बोलायचं होतं."

वहिनी मागच्या गॅलरीत रबरी पट्टे धुऊन वाळत घालत होती. रक्त काढताना दंडाला आवळतात ते पट्टे. मी तिला हाक मारली. माझा आवाज मलाच चिरकल्यासारखा वाटला.

ती ओले हात पुसत बाहेर आली. मास्तरांनी विषय काढल्यावर आधी हसलीच. "मी? अहो, मला चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही."

लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणाल्या, "चार माणसांत कशाला बोलायचं? एकेकाशी बोल. रोज बोलतेसच की."

"आणि ते कागद, अर्ज, नियम? त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. ते सगळं वन्सं करतात."

"त्या आहेतच की!" मास्तर म्हणाले. "त्यांच्या भरवशावरच तर म्हणतोय."

मी म्हणजे भरवसा. टेबल हलू नये म्हणून पायाखाली कागदाची घडी ठेवतात ना, तसा. मी म्हटलं, "चहा ठेवते," आणि उठले. त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली. पाचही जण मुकाट्यानं प्यायले.

आता आधी आम्हा दोघींबद्दल सांगते.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. वयानं माझ्याहून वर्षानं लहान, नात्यानं मोठी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ती या घरात आली तेव्हा मी इथे होते आणि आजही इथेच आहे. स्वयंपाकघराला लागून असलेली लहान खोली माझी. दादा फ्रिज दुरुस्त करतो. घरी आला की गप्प बसून ऐकतो. कुणाच्या बाजूनं बोलायचं हा प्रश्न त्यानं असा कायमचा सोडवला आहे. वहिनी आल्या आल्या मला गमतीनं "वन्सं" म्हणायला लागली, हेल काढून. त्या थट्टेला चोवीस वर्षं झाली. आता तिला दुसरं काही म्हणताच येत नाही.

मी एका वकिलांच्या कचेरीत लेखनिक आहे. तीस वर्षं दावे, करार, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं लिहिली. आमचे वकीलसाहेब तारीख विसरतील, पण माझ्या हातून गेलेला कागद चुकीसाठी कधी परत आला नाही. वस्तीतले अर्जही मीच लिहीत आले. पाण्याचा अर्ज, दिव्याचा अर्ज, पेन्शन अडकली त्याचा अर्ज. लोक येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात, मी सांगते तिथे सही करतात आणि जातात.

वहिनी तपासणी केंद्रात कामाला आहे. पहाटे साडेपाचला उठून, बर्फाची पेटी स्कूटरला अडकवून ती घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायला जाते. तिची गिऱ्हाइकं म्हणजे उपाशीपोटी बसलेली, चहा न मिळाल्यानं वैतागलेली माणसं. त्यांना ती सुई टोचते, आणि तरी ती माणसं तिच्यावर खूश! कोणत्या घराची लिफ्ट बंद आहे, कोणत्या आजोबांना दार उघडायला पाच मिनिटं लागतात, कोणत्या आजींचा मुलगा फोन करत नाही, सगळं तिला माहीत. डाव्या हाताची शीर मिळत नाही तो माणूस कोणता आणि सुई पाहून गाणं म्हणतो तो कोणता, तेही. वहिनी ती माझी. वस्तीची कधी झाली मला कळलंच नाही. सत्तर वर्षांचे बाप्येसुद्धा तिला वहिनी म्हणतात.

आणि ते कठड्याचं प्रकरण. ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात का दुखत होतं ते कळायचं नाही.

खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला जायला आमच्याकडे दगडी पायऱ्या आहेत. एकशे बारा. त्यांना कठडा नव्हता. म्हातारी माणसं भिंतीला हात घासत चढायची, दर वर्षी कुणीतरी पडायचं. मी त्या कठड्यासाठी चौदा वर्षांत सतरा अर्ज केले. प्रत्येकाची प्रत, प्रत्येकावर पोच मिळाल्याचा शिक्का, सगळं एका फायलीत, तारखेनुसार. उत्तर एकाचंही नाही.

मग एका सकाळी वहिनी नगरपालिकेच्या इंजिनियरच्या घरी रक्त घ्यायला गेली. साहेबांच्या दंडाला पट्टा आवळलेला, सुई आत गेलेली, नळीत रक्त उतरतंय, आणि ही म्हणते, "साहेब, हलू नका. उद्या माझ्याबरोबर त्या पायऱ्या एकदा चढाल का?" हात ओढून घ्यायची सोय नव्हती. साहेब हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आलेही. हिनं बर्फाची पेटी त्यांच्या हातात दिली. ऐंशीव्या पायरीवर साहेब मटकन खाली बसले. दोन महिन्यांत कठडा लागला.

त्या दिवशी लोक जमले, तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "मी काही केलं नाही हो. सतरा अर्ज वन्संनी केलेत." लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, तिनं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं असतं तर बरं झालं असतं. मनसोक्त चिडता तरी आलं असतं. तिनं वाढून दिलेल्या टाळ्या मला गिळवेनात. आणि घरी आल्यावर ती पाय चेपत दादाला सांगत होती, "वन्संना किती आनंद झाला!"

असो. तर वहिनी उभी राहणार हे ठरलं, आणि उमेदवारीचा अर्ज अर्थातच माझ्याकडे आला.

तीन पानी अर्ज. अर्ज भरायचा शेवटचा दिवस गुरुवार, दुपारी तीनपर्यंत. बुधवारी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर मतदार याद्या पसरल्या आणि पट्टी धरून एकेक ओळ तपासत बसले. वहिनीचं नाव, अनुक्रमांक, पत्ता बरोबर. तिचं नाव सुचवणारे म्हणून मास्तरांनी सही केली होती, ठसठशीत, शाळेच्या दाखल्यावर करायचे तशी. सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. मी मास्तरांचं नाव शोधलं. सापडेना. पुन्हा पट्टी धरली. नाहीच. मग शेजारच्या प्रभागाची यादी उघडली, आणि तिथे मास्तर होते. गेल्या वर्षी हद्द बदलली तेव्हा रेषा रस्त्याच्या मधून गेली होती, आणि मास्तरांची घरांची रांग पलीकडे गेली होती. मास्तरांना स्वतःलाही पत्ता नव्हता.

म्हणजे हा अर्ज छाननीत उडणार होता.

सवयीनं मी मास्तरांच्या नावापुढे पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं. मग पट्टी खाली ठेवली.

वहिनी स्वयंपाकघरात होती. सकाळच्या नळ्या लाल झाकणाच्या वेगळ्या, जांभळ्या झाकणाच्या वेगळ्या, अशा लावत होती. तिनं विचारलं, "झालं का वन्सं? सगळं ठीक?"

हाक मारायला एक क्षण पुरला असता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "झालं."

एवढंच. मी कुठलं कारस्थान केलं नाही, कुणाला जाऊन सांगितलं नाही. नुसती गप्प बसले. पण गप्प बसण्यातही माणसाला चव येते, ही गोष्ट मला त्या संध्याकाळी पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली. जेवताना दादा म्हणाला, "आज ही एकदम खुशीत दिसतेय." मी म्हटलं, "भाजी छान झालीय." भाजी वहिनीनंच केली होती. ती खूश झाली. अर्ज आणि याद्या तिनं आपल्या पिशवीत घातल्या आणि पिशवी खिळ्याला अडकवली.

मला झोपही नेहमीसारखी लागली. हे कबूल करायला लाज वाटते, पण लागली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन वाजता आम्ही नगरपालिकेत पोचलो. वहिनी, मास्तर आणि मी. दादा एका हॉटेलच्या शीतगृहात अडकला होता. निवडणुकीच्या खोलीत लांबलचक रांग. टेबलाशी एक किडकिडीत अधिकारी बसलेला, नाकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल. आमच्या पुढे दोन उमेदवार होते.

पहिल्याचा अर्ज अधिकाऱ्यानं पालथा केला, उलटा केला, आणि एका जागी पेन्सिल टेकवली. "हा अनुक्रमांक चुकलाय. कुणी भरला हा अर्ज?" तो इतक्या मोठ्यानं बोलला की सगळी खोली वळली. उमेदवारानं शेजारच्या माणसाकडे बोट दाखवलं. "याद्या वाचता येत नाहीत का हो तुम्हाला?" अधिकारी त्या माणसाला म्हणाला. "येत नाही तर भरता कशाला? न्या परत." आणि त्यानं पानावर लाल रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी ती रेघ पाहिली.

वहिनीचा अर्ज उडेल, ती हिरमुसून घरी येईल, मी तिला चहा करून देईन, इथवर मी आदल्या दिवशी मनात सगळं पाहून ठेवलं होतं. पण तो अर्ज माझ्या अक्षरात होता! तिन्ही पानं. तीस वर्षांत ज्या अक्षरातला एक कागद परत आला नाही, त्याच्यावर हा किडकिडीत माणूस लाल रेघ ओढणार, आणि भर खोलीत विचारणार, कुणी भरला हा? वहिनी माझ्याकडे बोट दाखवणार नाही, उलट म्हणेल, चूक माझीच, वन्संना घाईत दिला मी. ते तर त्याहून वाईट.

पुढचा माणूस टेबलापाशी गेला. आता आमचीच पाळी.

"वहिनी," मी म्हटलं, "थांब. सूचक बदलावा लागेल."

"आता?"

"मास्तरांचं नाव पलीकडच्या प्रभागात आहे. हद्द बदललीय."

मास्तरांचा चेहरा फळा पुसल्यासारखा कोरा झाला. "माझं? चाळीस वर्षं मी इथे..." वगैरे. मी त्यांना ऐकत बसले नाही. खिडकीवरून कोरा अर्ज घेतला, बाकावर बसून पुन्हा तिन्ही पानं लिहून काढली आणि सूचकाच्या जागी माझं नाव घालून सही केली. माझा अनुक्रमांक मला पाठ होता. पावणेतीनला अर्ज टेबलावर गेला. अधिकाऱ्यानं पानं वरखाली केली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "हा अर्ज कुणी भरलाय?"

"मी."

"असे भरावेत अर्ज," तो रांगेतल्या लोकांना म्हणाला.

मला इतका आनंद झाला की परत येताना, आपण हे सगळं का केलं, कुणासाठी केलं, याचा मला साफ विसर पडला. वहिनी मात्र वाटेत पिशवीतल्या याद्या चाळत होती.

घरी आल्यावर तिनं पिशवीतून याद्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि पलीकडच्या प्रभागाचं पान उघडलं. "हे टिंब तुमचं ना?"

मी चपला काढून कोपऱ्यात सरळ लावल्या.

"याद्या कालपासून माझ्या पिशवीत आहेत, वन्सं. म्हणजे तुम्हाला कालच कळलं होतं."

मला खोटं बोलता आलं असतं. पण टिंब माझंच होतं. माझ्या टिंबाला मी कशी नाकारणार?

"हो," मी म्हटलं. "काल संध्याकाळीच."

"मी विचारलं तेव्हा झालं म्हणालात."

"हो."

ती खुर्चीत बसली. "लोक सुई पाहून हात मागे घेतात. ते मला आधीच कळतं, रोज बघते ना मी. काल तुमच्याकडे पाठ करून उभी होते, म्हणून कळलं नाही." मग टिंबावर बोट ठेवून, "का हो? मी तुमचं काय घेतलं?"

आता याचं उत्तर काय देणार? तू काहीच घेतलं नाहीस, लोकांनीच तुला दिलं. ते माझं आहे असं मला वाटत होतं. आणि तू मला त्यातला अर्धा वाटा हसून द्यायला निघतेस, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हे वाक्य मी आज लिहिते आहे. तेव्हा मी म्हणाले, "ते माझ्याकडे आले होते असं मला वाटलं होतं. रविवारी."

मला वाटलं, आता ती माझा हात हातात घेईल. तिनं घेतला नाही. उठली, याद्यांची घडी केली आणि आत गेली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची, पण "जेवा" म्हणायची नाही. दादा दोघींच्या मध्ये मिठाची बरणी सरकवत बसायचा. मी तिच्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा केली होती, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आपण जळायचं आणि समोरच्यानं तेवढं मोठं व्हायचं! पण तीही रागावली, चांगली चार दिवस, आणि खरं तर त्यामुळे मला जरा हलकं वाटलं.

पाचव्या दिवशी तिनं प्रचाराच्या पत्रकाचा कच्चा मजकूर माझ्यासमोर ठेवला. "यातल्या चुका काढा." औषधाच्या दुकानाच्या मालकांनी लिहिला होता. अकरा चुका निघाल्या. एका ठिकाणी "जनतेची सेवा" ऐवजी "जनतेची शेवा" होतं. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

प्रचार असा फारसा नव्हताच. वहिनी रोजच्यासारखी पहाटे निघायची, रक्त घ्यायची, आणि बोटाएवढा कापूस दंडावर दाबून धरायला सांगताना म्हणायची, "मी उभी आहे बरं का." समोरच्या बाजूला एक ठेकेदार उभे होते, दोनदा निवडून आलेले. जाड मिशा, पांढरी गाडी, गाडीवर कर्णा. ते म्हणत फिरायचे, "रक्त काढणाऱ्या बाईला मत देऊ नका, तुमचंही काढील." लोक हसायचे. संध्याकाळी आम्ही दोघी घरोघरी जायचो. मी यादी धरून, ती पुढे. दार उघडलं की लोकांचा चेहरा उजळायचा, मग माझ्याकडे नजर जायची आणि ते म्हणायचे, "या, तुम्हीही या." या "ही"चा मी मनात हिशेब ठेवला होता. पहिल्या संध्याकाळी सव्वीस वेळा.

पण तिथे मला एक गोष्ट दिसली. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर किती म्हातारी माणसं अडकून पडली होती! मी त्यांचे अर्ज लिहिले होते, पण त्यांची घरं पाहिली नव्हती. ती माझ्याकडे यायची ती चार जिने उतरून, आणि परत चढून जायची. मला ते कधी सुचलंच नाही. वहिनी त्यांच्याकडे जाते, ती माझ्याकडे येतात. फरक एवढाच होता, आणि तो मला माझ्या बाजूचा मोठेपणा वाटत होता. हे उमगल्यावर माझा हेवा कमी झाला असेल असं कुणाला वाटेल. उलट वाढला. आधी मला वाटायचं, तिला हे फुकट मिळालंय. आता कळलं की तिनं ते जिने चढून मिळवलंय, आणि मला त्यावर बोट ठेवायलाही जागा उरली नाही.

मग मी यादीत एक रकाना वाढवला. सत्तरीच्या पुढचं माणूस, तिसरा मजला किंवा वर, लिफ्ट नाही. एकेक घर लिहीत गेले. शेवटी आकडा आला एकशे शहाऐंशी.

मतदानाच्या दिवशी पडद्यामागे उभी राहिले तेव्हा बटणापाशी बोट नेऊन मी थोडी थांबले. कुणी बघत नव्हतं. ठेकेदारांच्या मिशा डोळ्यासमोर आल्या, आणि मी वहिनीच्या नावापुढचं बटण दाबलं. त्याचं मी श्रेय घेत नाही. मिशा नसत्या तर काय केलं असतं, देव जाणे.

वहिनी अठ्ठावन्न मतांनी आली. निकाल ऐकून ती रडली, दादाही रडला. मास्तरांनी पलीकडच्या प्रभागातून येऊन भाषण केलं. मला सगळ्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "अभिमान वाटतो." वाटत होता. पण तो एकटा नव्हता.

पहिल्याच सभेत ठराव आला, आमच्या वस्तीतला दवाखाना सकाळी बंद ठेवून फक्त दुपारी उघडा ठेवावा. वहिनी विरोध करणार होती. भाषण मी लिहिलं होतं, दीड पान, एकशे शहाऐंशीच्या आकड्यासह. मी रजा घेऊन प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले.

तिचं नाव पुकारलं, ती उठली आणि कागदावरून वाचायला लागली. माझी वाक्यं लांब होती. कचेरीची सवय. ती एका वाक्यात शिरली आणि तिला बाहेर यायला वाट सापडेना. मी पाहत होते आणि, हो, मला मजा येत होती. बघा, म्हटलं, वाचायलाही यायला लागतं. इतक्यात तिनं आकडा वाचला, १८६ पुढचा माझा पूर्णविराम शून्य धरून, "एक हजार आठशे साठ."

ठेकेदारांचे दोस्त एक सभासद होते, ते बसल्या जागेवरून ओरडले, "बाई, रक्त काढताना तरी आकडा नीट वाचता का?" सगळी सभा हसली. वहिनीचे कान लाल झाले.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी उभी होते आणि माझा आवाज सभागृहाच्या छतापर्यंत गेला होता. "एकशे शहाऐंशी! माझ्या अक्षराचा दोष आहे तो! आणि हसण्यासारखं काय आहे त्यात? चार जिने उतरा म्हणावं त्यांना उपाशीपोटी, मग हसा!"

अध्यक्षांनी घंटा बडवली. "प्रेक्षकांना बोलता येणार नाही. बाईंना बाहेर काढा." एक वयस्कर रखवालदार आला, अदबीनं म्हणाला, "चला बाई," आणि तीस वर्षं कोर्टकचेऱ्या केलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा, दंडाला धरून बाहेर काढली गेले.

बाहेर एक लांब बोळ होता आणि एक बाक. मी बसले नाही. दाराला कान लावला. आत आधी कुजबुज होती, मग अध्यक्ष म्हणाले, "बोला बाई, संपलं का तुमचं?" आणि मग कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी लिहिलेला कागद.

वहिनी बोलायला लागली, तिच्या रोजच्या आवाजात. "लॉन्ड्रीच्या वरचा मजला, डावीकडचं दार. आजी एकट्या. साखरेची तपासणी उपाशीपोटीच करायची असते. दुपारपर्यंत उपाशी राहिल्या की चक्कर येते. गेल्या महिन्यात दारातच पडल्या. शेवटची इमारत, चौथा मजला. आजोबांना दिसत नाही, ते भिंत मोजत खाली येतात..." ती एकेक दार सांगत गेली. नावं नाहीत, आकडे नाहीत, नुसती दारं. कुणी हसेना. कुणी खोकेनाही. माझ्या दीड पानातलं एक वाक्य तिनं वापरलं नाही, आणि एकाचीही उणीव भासली नाही.

ठराव बारगळला. दवाखाना आजही सकाळी उघडतो.

पण ते नंतर. त्या क्षणी मी बोळात उभी होते, कान तापलेला, घसा दुखत असलेला. आत सभा चिडीचूप होती, तिच्यासाठी. मी तिच्यासाठी ओरडले होते याचं मला समाधान होतं, आणि माझ्याशिवाय तिचं काही अडलं नाही याचा असा काही जळफळाट होत होता की डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," रखवालदार मागून म्हणाला, "दाराला टेकायचं नाही."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," मी म्हटलं. "ती अजून बोलतेय."